पटावरची मसलत

सारीपाटाच्या डावात समोरासमोर बसणारे दोघे भिडू एका पक्षाचे असतात आणि त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला बसलेले दोघे दुसऱ्या पक्षाचे. म्हणजे परस्परांना साह्य करीत खेळण्याची कल्पना आपल्या जुन्या पटाला परकी नव्हती, परंतु त्या साह्याला अर्थ येत असे तो समोर हरवण्यासाठी कोणी माणूस बसलेला असे म्हणूनच. हा समोरचा माणूस पटावरून उठवला, सगळ्याच खेळणाऱ्यांना एका बाजूला आणले, आणि विरोधाचे सारे काम पत्ते, पुठ्ठ्याच्या चकत्या व छापील नियम यांच्यावर सोपवले, तर खेळात खेळपण कितपत उरते, हा प्रश्न गेल्या अर्धशतकात युरोप-अमेरिकेतील खेळांच्या रचनाकारांनी गांभीर्याने हाती घेतला आहे. त्या प्रयत्नांतून आज जे खेळ उभे राहिले आहेत, त्यांतील अत्यंत विस्तृत आणि अत्यंत चर्चित असा 'ग्लूमहेवन' हा अद्भुत कथाविश्वातला खेळ आम्ही चौघे स्नेही गेली दोन वर्षे जमेल त्या रविवारी खेळत आलो आहोत. प्रस्तुत लेखात त्याच्या गुणदोषांचा विचार मी मुख्यतः करणार आहे, आणि त्याच्या आगेमागे उभ्या असलेल्या दोन-तीन खेळांचा प्रसंगोपात्त.

सहकार हा शब्द मराठी वाचकाच्या मनात प्रथम पतपेढी, दूध-संघ आणि साखर कारखाना उभा करतो. आणि अशा संस्थांचा ज्याने जवळून अनुभव घेतला आहे त्याला हेही ठाऊक असते की, सभासदांचे हक्क कागदोपत्री कितीही समान असले, तरी निर्णयाची सूत्रे एखाद्या जाणत्या, बोलक्या आणि उत्साही माणसाच्या हाती जाण्यास फार काळ लागत नाही. सहकारी खेळाचा मूळ रोग नेमका हाच आहे. चौघांचे ध्येय एक, चौघांपुढील माहिती एक, आणि पटावर सर्वांत चांगली चाल बहुधा एकच. तेव्हा ती ज्याला प्रथम दिसते तो ती बोलून दाखवतो, इतरांना ती पटते, आणि तासाभरात अशी अवस्था येते की एक जण खेळत असतो व उरलेले तिघे त्याच्या हुकुमानुसार सोंगट्या सरकवीत असतात. यात कोणाची दुष्टबुद्धी असते असे नाही. उलट हा कारभारी सर्वांच्या हितासाठीच झटत असतो, आणि म्हणूनच त्याला थोपवणे कठीण जाते. कोणत्याही सहकारी खेळाची परीक्षा करताना राक्षस किती भयंकर आहेत किंवा चित्रे किती सुरेख आहेत हे मी नंतर पाहतो. या कारभाऱ्याला त्या खेळाने कसे आवरले आहे, हे प्रथम पाहतो.

इतिहास थोडक्यात सांगण्याजोगा आहे. कॅनडात जिम डीकोव्ह यांनी १९७० नंतरच्या दशकात मुलांसाठी स्पर्धारहित खेळ काढण्यास आरंभ केला, त्यामागे शिक्षणाची आणि सलोख्याची दृष्टी होती. १९८७ साली रिचर्ड लॉनियस यांच्या 'आर्कम हॉरर' या खेळाने प्रौढांना एका शापित गावात एकत्र उतरवले. परंतु या प्रकाराला खरी प्रतिष्ठा मिळाली ती २००० साली, राइनर क्निझिया या गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या जर्मन रचनाकाराने टॉल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीवर खेळ रचला तेव्हा. त्या खेळात प्रत्येक खेळणारा एक हॉबिट असतो. एका लांब रेषेच्या एका टोकाकडून हे हॉबिट आणि दुसऱ्या टोकाकडून खलनायक सॉरॉनची काळी सोंगटी परस्परांच्या दिशेने सरकत येतात, आणि जो त्या छायेत सापडला तो खेळातून जातो. मुद्रिका ज्याच्याजवळ आहे तोच सापडला, तर मात्र सर्वांचाच डाव संपतो. एखाद्याने स्वतः अंधारात जावे आणि मुद्रिकाधारकाला वाचवावे, कारण शेवटी गुण मोजले जातात ते सर्वांचे मिळून, ही जी कादंबरीतील त्यागाची भावना, ती एका रेषेत आणि दोन-चार सोंगट्यांत उतरवण्याची किमया क्निझिया यांनी केली, आणि २००१ साली 'श्पील देस यारेस' या जर्मन पुरस्काराच्या परीक्षकांनी साहित्याचा खेळात उपयोग केल्याबद्दल त्याला विशेष पारितोषिक दिले ते यथायोग्यच होते. याच खेळापासून स्फूर्ती घेऊन मॅट लीकॉक यांनी २००८ साली 'पॅन्डेमिक' रचला, आणि सहकारी खेळ घरोघरी पोचला. परंतु कारभाऱ्याचा रोग सर्वांत ठळकपणे दिसला तोही त्याच खेळात, कारण त्यात सगळे काही सगळ्यांना दिसते आणि हिशेब करणाऱ्या एका डोक्याला चार हातांचे काम सहज झेपते.

आता 'ग्लूमहेवन'. आयझॅक चिल्ड्रेस या अमेरिकी रचनाकाराने २०१५ साली लोकवर्गणीतून त्यासाठी पैसा उभा केला आणि २०१७ साली खेळ बाहेर आला. त्याच वर्षी दुसऱ्या मुद्रणासाठी मागितलेल्या वर्गणीत सुमारे ४० लाख डॉलर जमा झाले, आणि पुढे जवळजवळ पाच वर्षे जगभरच्या खेळाडूंच्या गुणानुक्रमात तो पहिल्या स्थानी राहिला. पेटीचे वजन सुमारे १० किलो. तिच्यात १७ पात्रे, त्यांतील सहा आरंभापासून खुली आणि उरलेली अकरा मोहरबंद डब्यांत, ९५ प्रसंग, आणि मुलुखाचा एक नकाशा, ज्यावर नवे ठिकाण सापडले की चिकटचिठ्ठी लावायची आणि ती पुन्हा काढायची नाही. एक ते चार भाडोत्री योद्धे एका सरहद्दीवरच्या नगरात येतात, कोणाकोणाची कामे पत्करतात, भुयारे आणि भग्न मंदिरे पालथी घालतात, आणि अशा मोहिमांतून नगराचे व स्वतःचे भवितव्य घडवतात, एवढीच त्याची कथावस्तू.

खेळाचे मर्म कथेत नाही, हातातल्या पत्त्यांत आहे. प्रत्येक पत्त्याचे दोन भाग असतात. वरचा बहुधा प्रहाराचा आणि खालचा बहुधा चालीचा. दर फेरीस प्रत्येकाने दोन पत्ते पालथे ठेवायचे, सर्वांनी ते एकदम उलटायचे, आणि आपली पाळी आली की एकाचा वरचा व दुसऱ्याचा खालचा भाग वापरायचा. वापरलेले पत्ते बाजूला पडतात. हातातले संपत आले की विश्रांती घ्यायची, बाजूचे पत्ते परत उचलायचे, पण त्यांतला एक कायमचा गमवायचा. त्यामुळे पत्ते हेच शस्त्र आणि पत्ते हेच आयुष्य, अशी ही विलक्षण व्यवस्था आहे. तिचा जमाखर्च मी एकदा मांडून पाहिला. जादू विणणाऱ्या 'स्पेलवीव्हर'जवळ आठ पत्ते, दांडगट 'ब्रूट'जवळ दहा, आणि यंत्रे जुळवणाऱ्या 'टिंकरर'जवळ बारा. गमावलेले पत्ते परत आणण्याची एखादी विशेष युक्ती सोडून दिली, तर आठवाल्यास १६, दहावाल्यास २५ आणि बारावाल्यास ३६ फेऱ्यांपुरते बळ पुरते. म्हणजे पत्त्यांच्या अर्ध्या संख्येचा वर्ग. दोन पत्ते अधिक असणे म्हणजे किती मोठी शिबंदी पदरी असणे, हे यावरून ध्यानी येते. आणि ज्यावर कायमच्या खर्चाची खूण आहे असा एखादा प्रभावी पत्ता दहावाल्याने पहिल्याच फेरीत उडवला, तर त्याबरोबर पुढच्या चार फेऱ्यांचे आयुष्य जाते. तोच पत्ता शेवटच्या फेरीत टाकला तर फारसे काहीच जात नाही. पराक्रम केव्हा करावा आणि केव्हा राखावा, या विवेकाला इतके काटेकोर रूप दिलेला दुसरा पट माझ्या पाहण्यात नाही.

फासा या खेळात नाही, ही गोष्टही लहान नाही. प्रहाराचा परिणाम वीस पत्त्यांच्या एका लहान गड्डीवरून ठरतो: सहा पत्ते काही न बदलणारे, पाच एकाने वाढवणारे, पाच एकाने घटवणारे, दोनाने वाढवणारा एक, दोनाने घटवणारा एक, एक प्रहार दुप्पट करणारा आणि एक तो पूर्ण निष्फळ करणारा. फाशाला मागचे काही आठवत नाही. या गड्डीला आठवते, कारण वाईट पत्ते निघून गेले की, गड्डी पुन्हा पिसली जाईपर्यंत, पुढचा काळ तेवढा निर्भय होतो. शिवाय अनुभवाने योद्धा जसजसा परिपक्व होतो तसतसे त्याला आपल्या गड्डीतले वाईट पत्ते काढून टाकता येतात. दैव हळूहळू शिक्षणाने सुसंस्कृत होत जाते ही कल्पना मला फार हृद्य वाटते.

कारभाऱ्याचे काय? चिल्ड्रेस यांनी त्याच्यावर दोन बाजूंनी उपाय योजला आहे. पहिला उपाय मौनाचा. पत्ते ठेवताना कोणीही आपल्या पत्त्याचे नाव किंवा त्यावरचे आकडे सांगायचे नाहीत. 'मी लवकर जाईन', 'मी दाराशी थांबेन', 'मला उशीर होईल', एवढेच मोघम बोलायचे. प्रत्येक पत्त्यावर पाळीचा क्रम ठरवणारा आकडा असतो आणि शत्रूंचाही क्रम त्याच वेळी उलटतो. तेव्हा भिडूने 'लवकर' म्हटले ते शत्रूच्या आधी की नंतर, हे पत्ते उलटेपर्यंत कोणालाच ठाऊक नसते. मसलत होते, पण तिचा तपशील प्रत्येकाच्या अखत्यारीत राहतो. दुसरा उपाय अधिक धाडसी: प्रत्येकाला थोडा खासगी स्वार्थ दिलेला आहे. पडलेल्या शत्रूजवळची नाणी जो उचलील त्याची, आणि ती किंवा विकत घेतलेल्या वस्तू दुसऱ्याला देण्याची मनाई. दर प्रसंगी दोन गुप्त उद्दिष्टे हाती येतात, त्यांतले एक स्वीकारायचे. आणि प्रत्येक योद्ध्याला आयुष्यभराचा एक संकल्प असतो, तो पुरा झाला की त्याने निवृत्त व्हायचे आणि बहुधा एक मोहरबंद डबा उघडून नवे पात्र घ्यायचे. ज्याचे हेतूच तुम्हांला पूर्ण ठाऊक नाहीत, त्याच्या वतीने निर्णय घेता येत नाही. सहकार टिकवण्यासाठी त्यात स्वार्थाचा अंश मिसळावा लागतो, हा विचार आदर्शवादी मनाला खटकेल. मला तो मनुष्यस्वभावाच्या यथार्थ निरीक्षणातून आलेला वाटतो. आमच्या चौघांत एक स्नेही मितभाषी आहेत. 'पॅन्डेमिक' खेळताना ते संध्याकाळभर माना डोलवीत बसत. या पटावर त्यांनी उलटलेले पत्ते पाहून आम्ही तिघे कितीदा चकित झालो आहोत, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे ते समाधान हे या खेळाचे मला दिसलेले सर्वांत मोठे यश आहे.

दोषांकडे वळताना पहिला दोष या गुणाच्याच पोटात आहे असे दिसते. मौनाचा नियम पाळायचा की नाही हे सर्वस्वी खेळणाऱ्यांच्या सचोटीवर सोडलेले आहे, आणि संकटाच्या फेरीत 'पंचवीसच्या आत जाशील का?' हे शब्द ओठांवरून सुटतातच. सगळे उघडपणे खेळायचे असेल तर शत्रूंचे बळ एका पायरीने वाढवा अशी तोड नियमपुस्तकाने सुचवली आहे. परंतु तसे खेळले की कारभारी मागच्या दाराने परत येतो. स्वार्थाचाही अतिरेक होतो. भिडू शेवटच्या दोन पत्त्यांवर झुंजत असताना कोणी खोलीच्या कोपऱ्यातली नाणी वेचीत फिरला, तर कथेतल्या भाडोत्री योद्ध्याला ते शोभून दिसते, पण टेबलाभोवती बसलेल्या मित्राला ते लागते.

दुसरा दोष याहून खोल आहे, आणि त्याचा उल्लेख जितका व्हावा तितका होत नाही. कारभारी गेला खरा. त्याच्या जागी दप्तरदार आला. शत्रूंच्या प्रत्येक जातीची वेगळी गड्डी, प्रत्येक शत्रूचे उरलेले प्राण, त्याला झालेली विषबाधा किंवा जखम, हवेत दाटलेल्या सहा तत्त्वांची क्षीण-प्रबळ अवस्था, शत्रू कोणाकडे वळेल याचे अंतराचे आणि क्रमाचे नियम, हे सगळे कोणीतरी सांभाळावे लागते. प्रसंग मांडण्यातच अर्धा तास जातो. आमच्याकडे हे दप्तर आपसूक माझ्याकडे आले, आणि काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की, कोणाच्याही चालीत मी ढवळाढवळ करीत नसलो तरी 'हा शत्रू आता कोणावर येईल?' या प्रश्नाचा निर्णय शेवटी माझ्या तोंडून होतो, आणि नियम ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे तिघांच्या नजरा वळतात. सत्ता आज्ञेतून काढली ती माहितीच्या दप्तरात जाऊन बसली. काही मंडळी हा हिशेब फोनवरच्या साधनाकडे देतात. त्याने श्रम वाचतात, पण पटाकडे पाहणारे चार चेहरे पडद्याकडे पाहू लागतात, आणि तेवढ्यासाठी पुठ्ठ्याचा खेळ घेण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न माझ्या मनात उभा राहतो.

उरलेले दोष मी झरझर सांगतो. मूळ छापील किंमत १४० डॉलर होती, आणि भारतात मागवायचा तर वाहतूक व जकात वेगळी. कथेचे गद्य सामान्य. प्रसंगाच्या आरंभी वाचायचे उतारे आम्ही वर्षभरानंतर मोठ्याने वाचणे सोडून दिले, आणि कोणाला चुकल्यासारखे वाटले नाही. पहिलाच प्रसंग, 'ब्लॅक बॅरो', नवख्यांच्या मानाने फारच कडक असल्यामुळे कित्येकांचा उत्साह तिथेच मावळतो. मात्र हरलेल्यांना मिळालेले नाणे आणि अनुभव राखून पुन्हा प्रयत्न करता येतो, हे न्याय्य आहे. काही मानवेतर जमातींना सरसकट रानटी रंगवण्याची जी जुनी खोड या साहित्यप्रकाराला आहे, तिच्यापासून हा खेळही मुक्त नव्हता; नंतरच्या आवृत्तीत पात्रांची काही नावे बदलण्यात आली, 'ब्रूट'चा 'ब्रूझर' झाला. आणि चार प्रौढ माणसांना ९५ प्रसंगांसाठी एका टेबलाशी आणणे, ही जी अडचण पेटीवर छापलेली नसते, ती सर्वांत मोठी. आमचे दोन वर्षांत चाळीसही पुरे झालेले नाहीत.

तुलनेसाठी त्याच २०१७ सालचा 'स्पिरिट आयलंड' घ्यावा. आर. एरिक रॉइस यांच्या या खेळात खेळणारे एका बेटाच्या आदिशक्ती असतात: सूर्यप्रकाशात उचंबळणारी नदी, विजेचा लोळ, भुकेला समुद्र, आणि बेटावर उतरणारे युरोपीय वसाहतवाले हे शत्रू. वसाहतवाल्यांचे चक्र ठरलेले आहे. आधी मुलूख धुंडाळायचा, मग तिथे वस्ती उभारायची, मग तो उजाड करायचा. एकाच प्रदेशाचा पत्ता या तीन घरांतून पुढे सरकतो, त्यामुळे आज जिथे वाटाड्या आला तिथे दोन फेऱ्यांनी काय होणार हे सर्वांना आधीच दिसते. वखारीचे राज्य होताना ज्या भूमीने पाहिले आहे, त्या भूमीतल्या वाचकाला या यंत्रणेतला नेमकेपणा सांगावा लागणार नाही. शत्रूचा समूळ उच्छेद हीच जिंकण्याची अट आरंभी असते, पण त्यांच्या मनात भीती साठत गेली की अट सैल होते: आधी गावे आणि शहरे नाहीशी झाली तरी पुरते, पुढे केवळ शहरे. पराभव मनातून सुरू होतो, हे तत्त्व मला इतर कोणत्याही पटावर इतक्या स्वच्छपणे मांडलेले आढळले नाही. कारभाऱ्याला इथे मौनाने आवरलेले नाही. प्रत्येक शक्तीचे सामर्थ्य इतके गुंतागुंतीचे आहे, आणि तिची काही सामर्थ्ये वसाहतवाल्यांच्या आधी तर काही त्यांच्यानंतर फलद्रूप होत असल्यामुळे हिशेब इतका वाढतो, की दुसऱ्याचा डाव चालवण्याइतके अवधान कोणाजवळच उरत नाही. उपाय परिणामकारक आहे, परंतु त्याची किंमतही द्यावी लागते. आम्ही तो खेळलो त्या रात्री चौघेही आपापल्या भूभागावर वाकून दहा-दहा मिनिटे मुकाट्याने विचार करीत होतो, आणि सीमेवरच्या एखाद्या प्रदेशापुरतेच परस्परांशी बोललो. रचनेचे सौंदर्य पाहिले तर मी 'स्पिरिट आयलंड'ला वरचे स्थान देईन. सहवासाचे सुख पाहिले तर 'ग्लूमहेवन'ला.

चिल्ड्रेस यांनी पुढे दोन दिशांनी पावले टाकली. २०२० साली ज्याच्यासाठी सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर वर्गणी जमली तो 'फ्रॉस्टहेवन' म्हणजे ठाणे वसवणे, इमारती बांधणे, लाकूड-लोखंड जमवणे, उन्हाळा-हिवाळा मोजणे यांची भर घातलेले आणखी मोठे दप्तर. ज्यांना हिशेबातच रस आहे त्यांना तो आवडेल, माझ्या मते मात्र रोगाच्याच बाजूला औषध ओतले गेले. त्याच वर्षीचा 'जॉज ऑफ द लायन' याच्या उलट. चार पात्रे, २५ प्रसंग, आणि पट म्हणून वेगळे तुकडे न जुळवता प्रसंगांची वहीच टेबलावर उघडून तिच्या पानावर खेळायचे. पहिल्या पाच प्रसंगांत नियम थोडेथोडे शिकवलेले. मांडणीचा अर्धा तास दहा मिनिटांवर येतो, दप्तरदाराचे ओझे निम्म्याने उतरते, आणि पत्त्यांचे ते अपूर्व गणित व ते मौन अबाधित राहते. नवशिक्यांनी आरंभ इथूनच करावा, आणि मोठी पेटी घ्यायची की नाही हे त्या २५ प्रसंगांनंतर ठरवावे.

एक उणीव मात्र लहान-मोठ्या सर्व रूपांत तशीच राहिली आहे. ज्याचे पत्ते संपले तो त्या प्रसंगापुरता बाद होतो, आणि उरलेल्यांचा डाव कधी आणखी अर्धा तास चालतो. गेल्या महिन्यात आमच्या मितभाषी स्नेह्यांनी भुयाराच्या दारात तीन शत्रूंना एकट्याने अडवून धरले, प्रहार चुकवण्यासाठी एकामागून एक पत्ते गमावले, आणि आम्ही आतल्या खोलीत पोचलो तेव्हा त्यांच्या हातात काहीच उरले नव्हते. त्यांनी आपली सोंगटी उचलली, चहा ठेवायला आत गेले, आणि परत आल्यावर पुढच्या पाच फेऱ्या खुर्ची मागे सरकवून, एक शब्दही न बोलता, आमचे पालथे पत्ते उलटण्याची वाट पाहत बसले.